तुमच्या गल्लीचं हवामान कोण ठरवतं?

जानेवारीतली सकाळ. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने पाषाणहून फोटो टाकला. गॅलरीत चहाचा कप, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, खाली एकच शब्द: 'हुडहुडी'. मी राहते वडगाव शेरीत, चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमच्याकडे तेव्हा पंखा दोनवर होता आणि पांघरूण रात्रीच कधीतरी पायाशी गेलेलं. मी तसं लिहिलं. त्यावर सहकारनगरच्या मावशीने निकाल दिला, "एकाला थंडीचं कौतुक, एकीला उकाड्याचं. तुम्ही दोघं एकाच गावात राहता ना रे?"

एकाच गावात राहतो, पण एकाच हवेत राहत नाही. पेपरात पुण्याच्या तापमानाचे आकडे येतात त्यात शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), हवेली, कोरेगाव पार्क, मगरपट्टा अशी वेगवेगळी नावं असतात. हिवाळ्यातल्या एखाद्या निरभ्र पहाटेचा हवेलीचा किंवा एनडीएचा आकडा आणि मगरपट्ट्याचा किंवा कोरेगाव पार्कचा आकडा शेजारी ठेवून बघा. पाच-सहा अंशांचा फरक सहज सापडतो, कधी त्याहूनही जास्त.

आता दुसरा आकडा. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं. २०२० साली निघालेल्या केंद्र सरकारच्या अहवालातला हा हिशेब, आणि त्या अहवालाचं बरंचसं काम झालं ते पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे दादाच्याच भागात.

शंभरहून जास्त वर्षांत पाऊण अंशसुद्धा नाही, आणि इथे एका शहरात, एका पहाटे, सहा अंश. मग 'हवामान बदल, हवामान बदल' म्हणून एवढा गलका कशाला? मलाही बरीच वर्षं हाच प्रश्न पडायचा. उत्तर कळलं ते माझ्या बेडरूमच्या भिंतीमुळे आणि मावशीच्या घरात शिरलेल्या पाण्यामुळे. पण त्याआधी काकांची शुगर.

सकाळची शुगर, तीन महिन्यांची शुगर

या विषयाची अडचण मराठीत शब्दापासूनच सुरू होते. "आज हवा कुंद आहे" आणि "मला पुण्याची हवा मानवली" या दोन्ही वाक्यांत हवा तीच, पण पहिल्यात एका दिवसाची गोष्ट आहे आणि दुसऱ्यात आयुष्याची. हवामान या शब्दाचंही तेच. आजचं तेही हवामान आणि कित्येक वर्षांचं तेही हवामानच. त्यामुळे कट्ट्यावर वाद घालणारे दोघं वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

आमच्या सोसायटीतले एक काका या वादात पक्के तयारीचे. एप्रिलमध्ये कुणी उकाड्याचं नाव काढलं की म्हणतात, "पुण्याचा उच्चांक १८९७ चा आहे. ३० एप्रिल, ४३.३ अंश. तेव्हा कुठे होत्या मोटारी आणि एसी?" आकडा बरोबर आहे. २८ एप्रिल २०१९ ला शिवाजीनगरचा पारा ४३ वर गेला, तेव्हाही तो उच्चांक मोडला नाही.

काकांना मधुमेह आहे, म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचा प्रयत्न केला. रोज सकाळी बोटाला टोचून पट्टीवर जो आकडा येतो ते आजचं हवामान. आदल्या दिवशी लग्नात जिलबी झाली असेल तर तो चढणार, एकादशी झाली असेल तर उतरणार. डॉक्टर एका पट्टीवरून औषध बदलत नाहीत. ते मागतात तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी. हवामानशास्त्रातले 'तीन महिने' म्हणजे तीस वर्षं. तीस वर्षांची सरासरी काढायची आणि ती सरकते आहे का ते बघायचं. १८९७ चा उच्चांक ही पट्टीवरची एक नोंद. ते ०.७ म्हणजे तीन महिन्यांची शुगर.

आणि त्या चाचणीत लहान दिसणारा फरक लहान नसतो. पट्टीवर १४० चे १६० झाले तर कुणी दचकत नाही, पण एचबीएवनसी सहावरून सातवर गेली की डॉक्टर चष्मा वर करून बघतात. सरासरी जराशी सरकली तरी टोकाचे दिवस कितीतरी वाढतात. आयपीसीसी ही संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची शास्त्रज्ञांची समिती. तिच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे, जग एक अंशाने तापल्यावर, पूर्वी दहा वर्षांत एकदा येणारा तीव्र उष्णतेचा प्रसंग आता दहा वर्षांत जवळजवळ तीनदा येतो.

काकांना पटलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी चहा बिनसाखरेचा घेतला.

तापमान मोजतात कसं, तेही जाता जाता सांगते, कारण त्यावरूनही भांडणं होतात. वेधशाळेचा तापमापक एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत, मोकळ्या जागेवर. म्हणजे पेपरातले ४० अंश हे सावलीतले. लक्ष्मी रोडवर उन्हात तापलेल्या स्कूटरच्या सीटशी त्यांचा संबंध नाही. पुण्याला या नोंदींची जुनी परंपरा आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या इमारतीला आजही लोक 'शिमला ऑफिस' म्हणतात. त्या चौकातून सिग्नल सुटायची वाट बघत रोज हजारो लोक जातात. शिमला इथे कशाला आलं हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावा

पुण्याच्या उन्हाळ्याची ख्याती दुपारची कधीच नव्हती, ती रात्रीची होती. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंची, कोरडी हवा, मोकळं आभाळ. एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ आणि पहाटे २०-२१ हा इथला सरासरी हिशेब. माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं गच्चीवर झोपायचो. संध्याकाळी बादलीभर पाणी शिंपडायचं, चटया टाकायच्या, आणि पहाटे चार-साडेचारला आजी येऊन प्रत्येकाच्या अंगावर चादर टाकून जायची. उन्हाळ्यात चादर! आज माझ्या मुलाला ही थाप वाटते.

गच्ची गार व्हायची ती अशी. दिवसभर तापलेली जमीन, भिंती, कौलं रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडून देतात. ही उष्णता दिसत नाही, पण पोळीच्या तव्यावर हात धरला की न टेकवताच तळव्याला लागते, ती हीच. तवा निवायचा तर वर मोकळं हवं. झाकण ठेवलं की तो तापलेलाच राहतो.

पुण्याच्या रात्रीवर सध्या दोन झाकणं आहेत.

पहिलं झाकण साऱ्या जगाचं. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड वाढवला तो सूर्याचा उजेड आत येऊ देतो, पण जमिनीची ही न दिसणारी उष्णता बाहेर जाताना अडवतो. हवा तापली की तिच्यातली वाफही वाढते, आणि वाफ हेही तसंच झाकण. कोरड्या रात्री पटकन गारवा येतो आणि दमट रात्री येत नाही, त्याचं कारण हेच. जगाचं हे झाकण दादाच्या आणि माझ्या डोक्यावर सारखंच आहे. फरक पडतो तो दुसऱ्या झाकणाने.

आमच्या बेडरूमची मोठी भिंत पश्चिमेची. बिल्डरने जाहिरातीत 'सनसेट व्ह्यू' असं लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन त्या भिंतीवरच असतं. गेल्या मे महिन्यात लाइट गेले होते, झोप येत नव्हती, तेव्हा मी आणि नवऱ्याने एक उद्योग केला. संध्याकाळी सात वाजता गॅलरीतून हात लांब करून भिंतीला बाहेरून हात लावला, मग आत येऊन आतून. बाहेरून कढत, आतून कोमट. रात्री अकराला पुन्हा तेच केलं. आता उलट झालं होतं. बाहेरची बाजू कोमट, आणि आतली अशी गरम की तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा. म्हणजे दुपारी तीनचं ऊन विटांमधून सरकत सरकत रात्री अकराला आमच्या उशाशी पोचत होतं. वरच्या स्लॅबचं तेच. वाडा तसा नव्हता. त्याच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या, त्यातून ऊन आत पोचेपर्यंत पहाट व्हायची आणि तोवर चौकातल्या गार हवेने भिंत आतूनही निवलेली असायची. वाड्याचं उगाच गोडवे गाणं मला आवडत नाही. त्यात ढेकूण होते, शौचालय चाळीस पावलांवर होतं आणि पत्र्याचा पोटमाळा दुपारी भट्टी व्हायचा. पण त्या भिंतींना वेळेचं गणित कळत होतं.

आमची भिंत रात्री तरी निवावी ना. ती निवत नाही, कारण तिच्यासमोर आभाळ उरलेलं नाही. समोर बारा मजली टॉवर आहे. आमची भिंत उष्णता सोडते ती टॉवरला जाते, टॉवर सोडतो ती आम्हाला येते. शेजारधर्म. वरच्या फटीतून जेवढं आभाळ दिसतं तेवढीच उष्णता वर जाते. त्यात टॉवरच्या प्रत्येक गॅलरीत एसीचा बाहेरचा डबा. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि या हमालीसाठी जी वीज घेतो तिचीही उष्णता बाहेरच टाकतो. आतून तीन घमेली काढली तर बाहेर चार पडतात, असा साधारण हिशेब. ज्याच्याकडे एसी आहे त्याची खोली गार, ज्याच्याकडे नाही त्याच्या खिडकीशी चार घमेली. मी एसीवाल्यांना नावं ठेवत नाही. आमच्याकडेही गेल्या वर्षी बसवला, सासूबाईंना दम लागतो म्हणून. घमेली कुठे पडतात ते सांगितलं, इतकंच.

आणखी एक गोष्ट हरवली, ती म्हणजे ओल. माठातलं पाणी गार का राहतं ते आपल्याला शाळेत शिकवलं आहे. पाणी पाझरतं, वाफ होतं, जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिट विजेच्या जरा कमी एवढी उष्णता लागते. मातीचं अंगण, विहिरीकाठची ओल, आंब्या-चिंचेची झाडं हे सगळे माठच होते. त्या जागी पेव्हर ब्लॉक आला. पेव्हर ब्लॉक हा स्वच्छ तवा आहे.

दादाच्या पाषाणला उघडी जमीन आहे, टेकड्या आहेत, संस्थांचे मोठाले परिसर आहेत. 'झाडांमुळे गारवा' एवढंच कारण लोक देतात, पण एप्रिलमध्ये आपल्या टेकड्यांवरची निम्मी झाडं खराट्यासारखी असतात. रात्रीच्या गारव्याचं जास्त मोठं कारण मोकळं आभाळ. शिवाय गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. टेकडी वाचवा म्हणणारे लोक सकाळी फिरायला जागा हवी म्हणून ओरडतात असा एक समज आहे. आहे तोही स्वार्थ. पण टेकडी ही शहराच्या भांड्याची झाकण नसलेली बाजू आहे, हे त्या भांडणात कुणी फारसं बोलत नाही.

तर पाऊण आणि सहा यांचा संबंध असा. भारताचं ०.७ सगळ्यांच्या ताटात आधीच वाढून ठेवलं आहे, पाषाणच्याही आणि वडगाव शेरीच्याही. त्याच्यावर ज्याची त्याची गल्ली आपापलं वाढून घेते. शरीराला या दोघांचा वेगळा हिशेब ठेवता येत नाही, त्याला एकूण बेरीजच भोगावी लागते.

ही बेरीज सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला येते ते आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी दाखवून दिलं. त्या येरवड्याच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राहतात. मे महिन्यात त्या सकाळी अर्धा तास आधी यायला लागल्या आणि काम झाल्यावर आमच्या जिन्यात बसायच्या. मला आधी वाटलं, फोनवर बोलायचं असेल. विचारलं तर म्हणाल्या, "घरापेक्षा तुमचा जिना बरा, वहिनी. रात्रभर पत्रा अंगावर येतो. पोरांना ओलं फडकं गुंडाळून निजवते." पत्रा तापतो लगेच आणि निवतोही लगेच, पण खाली दहा बाय दहात पाच माणसं, गॅस, आणि वाऱ्याला वाट नाही. दिवसा काम करून तापलेलं शरीर रात्री निवतं, हृदयाला तेव्हा जरा उसंत मिळते. रात्र निवली नाही की दुसरा दिवस उरलेल्या थकव्यावर सुरू होतो. उष्माघाताच्या बातम्या दुपारच्या उन्हाच्या असतात, पण शरीर खचतं ते अशा सलग रात्रींनी.

हवामान खात्याच्या यादीत 'उष्ण रात्र' अशी व्याख्या आहे. दिवसाचा पारा ४० किंवा वर, आणि रात्रीचा नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त. पण ती लागते वेधशाळेच्या पेटीतल्या हवेला. ताईंच्या पत्र्याखाली ती पेटी नाही.

पाऊस: एक गुंठा, एक टँकर

उन्हाळ्याबद्दल एवढं लिहिलं, कारण तो रोज सोसावा लागतो. पाऊस वर्षातून दोन-तीनच रात्री गाठतो, पण गाठतो तेव्हा घरात येऊन.

आधी एक हिशेब, तोंडी करता येईल असा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण १० हजार लिटर पाणी होतं. म्हणजे एक मोठा टँकर. दोन एकरांच्या सोसायटीवर ऐंशी टँकर. पुण्याचा सगळ्या वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, त्यातले शंभर एका दिवसात पडले तर हे ऐंशी टँकर एकाच संध्याकाळी गेटमधून आत येतात. मार्च-एप्रिलमध्ये ज्या सोसायट्या टँकरवाल्याची मनधरणी करतात, त्याच या सोसायट्या.

पाऊस असा एकदम का पडायला लागला? वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघा. मे महिन्यात साडी तासाभरात कडक होते, श्रावणात दोन दिवस दमट वास मारते. हवा तापली की तिची तहान वाढते. दर एका अंशाला हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. तहान जास्त असल्याने ती जमीनही जास्त सुकवते, आणि ढग फुटतो तेव्हा साठाही जास्त ओतते. म्हणून दोन तक्रारी एकाच वेळी खऱ्या असतात: "पाऊसच नाही" आणि "एवढा पाऊस कधी पाहिला नाही." पाषाणच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून जवळजवळ तिपटीने वाढले आहेत. त्याला वाफ पुरवणारा एक मोठा हौद म्हणजे तापत चाललेला अरबी समुद्र.

हे झालं आभाळाचं. खालचं काय झालं ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने दाखवलं.

हा ओढा कात्रजच्या डोंगरात निघतो, धनकवडी, सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वती, दांडेकर पूल करत दत्तवाडीपाशी मुठेला मिळतो. एकेकाळी तो जुन्या गावातूनच वाहायचा. पेशवाईत त्याला पर्वतीच्या बाजूला वळवलं. म्हणजे ओढ्याला वाट दाखवणं हा पुणेकरांचा जुना उद्योग. पण पेशव्यांनी एक वाट बंद करून दुसरी दिली होती. आपण दिली नाही. पात्रात भिंती, भिंतींवर स्लॅब, स्लॅबवर पार्किंग. पाणी तेवढंच आणि पात्र निम्मं झालं की पाण्यापुढे दोनच मार्ग उरतात: उंच व्हायचं किंवा जोरात धावायचं. ते दोन्ही करतं.

त्यात वेळेची गंमत आहे. डोंगरउतारावर गवत, माती, दगडांचे बांध असले की पावसाचं पाणी रमतगमत ओढ्यात येतं, काही तासांनी. तिथे प्लॉट पडले, रस्ते झाले की ते मिनिटांत येतं. आणि सगळीकडचं एकदम येतं. एरवी पाहुणे एकेक करून आले तर आपण चहा देतोच. एकाच मिनिटाला दोनशे आले तर दार मोडतं. 'काँक्रीटमुळे पाणी मुरत नाही' हे खरं आहे, पण पुण्यापुरतं अर्धंच. आपल्याखाली काळा कातळ आहे, बसाल्ट. वर माती थोडी, पाणी मुरतं ते कातळाच्या भेगांतून, तेही सावकाश. चार तासांत शंभर मिलिमीटर कोसळला तर जंगलातूनही पाणी वाहणारच. फरक पडतो तो ते किती सावकाश वाहतं याने.

त्या रात्री पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. मावशीचं घर ओढ्यापासून दोन गल्ल्या आत, तळमजल्यावर. रात्री साडेदहाच्या सुमाराला मागची सीमाभिंत पडल्याचा आवाज आला. तिला वाटलं ट्रक धडकला. मग मोरीतून उलटं पाणी वर आलं, मग दाराखालून, आणि पाच-सात मिनिटांत फ्रिज आडवा होऊन तरंगायला लागला. ती आणि तिचे यजमान ओट्यावर चढले. देव्हाऱ्यातले देव तिने पोळ्यांच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवले, पोळ्यांसकट. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा भिंतीवर चहूकडून एक सरळ तपकिरी रेघ होती, स्विचबोर्डाच्या बरोबर वर, जणू कुणी ओळंबा लावून मारली आहे. घरात चिखलाचा आणि रॉकेलसारखा वास. मावशी विम्याचे कागद इस्त्रीने वाळवत होती.

हा पूर हवामान बदलामुळे आला का? या प्रश्नाला मी काकांच्या शुगरकडेच परत जाते. ठेच कुणालाही लागते. पण साखर वाढलेली असली की तीच जखम चिघळते. आणि पायात चप्पल नसेल तर ठेच अधिक जोरात लागते. मुसळधार पाऊस पुण्याला नवा नाही, तापलेल्या हवेने तो चिघळवला, आणि ओढ्याची चप्पल आपण काढून घेतली. किती टक्के कुणाचे हे एका रात्रीपुरतं सांगणं अवघड असतं. पण 'हे सगळं ग्लोबल वॉर्मिंग, आपण काय करणार' असं म्हणणारा माणूस बहुधा स्लॅबखालच्या ओढ्याबद्दल बोलायचं टाळत असतो, असा माझा अनुभव आहे.

नदीकाठचा प्रकार थोडा वेगळा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी मावतं, पण त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा. ते पटकन भरतं, भरलं की सोडावंच लागतं. तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पुन्हा टँकरच्या भाषेत: दर सेकंदाला शंभर टँकर.

नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "पंचवीस वर्षांतून एकदा" हे ऐकून लोक निवांत होतात, "मागच्या वर्षी येऊन गेला, आता चोवीस वर्षं सुट्टी." तसं नसतं. त्याचा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरीही. वीस वर्षांचं गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेवरसुद्धा अठरा टक्के. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढतात. पाऊस बदलला, रेघ तिथेच राहिली.

मे २०२५ मध्ये आणखी एक प्रकार पाहिला. मोसमी पाऊस केरळात २४ मेला आणि पुण्यात २६ मेला पोचला, पुण्यापुरतं नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी, आणि त्याच्या आधीपासूनच वळवाने झोडपलं होतं. मावशीच्या कुरडयांना गच्चीवरच बुरशी आली. एका वर्षाच्या घाईवरून हवामान बदलाचा निकाल देता येत नाही, ती पुन्हा पट्टीवरचीच नोंद. कुरडया मात्र गेल्या.

आम्ही काय केलं, असं लोक विचारतात म्हणून सांगते. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला. वरचा स्लॅब रात्री पूर्वीसारखा तापत नाही, एवढं खात्रीने सांगते, पश्चिमेची भिंत मात्र आहे तशीच आहे. तिच्यासाठी बाहेरून वेल चढवायचा ठराव दोन सभांत 'पाली येतील' या मुद्द्यावर पडला. पार्किंगच्या कडेचे पेव्हर ब्लॉक दोन फूट रुंदीत काढून माती मोकळी केली आणि गच्चीचं पाणी बोअरवेलशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं. ऐंशीतले किती टँकर मुरतात ते बोअरवालाच जाणे.

मावशीने घर विकायचं ठरवलं होतं. बघायला आलेल्या पहिल्याच जोडप्याने विचारलं, "इथे पाणी येतं का?" ती म्हणाली, "नळाला की ओढ्याला?" व्यवहार तिथेच संपला आणि तिचा विकायचा विचारही. आता घरातले सगळे सॉकेट चार फुटांवर आहेत, कागद माळ्यावर आणि फ्रिज विटांच्या ओट्यावर. २०२४ साली बरोबर त्याच तारखेला, २५ सप्टेंबरला, शिवाजीनगरला एका दिवसात १३३ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मी दुपारपासून तिला फोन लावत होते आणि तो सारखा एंगेज लागत होता. संध्याकाळी उचलला. ती कात्रजला राहणाऱ्या तिच्या नणंदेशी बोलत होती. दर वर्षी सप्टेंबरात, जोराची सर आली की ती पहिला फोन तिलाच करते. स्वतःच्या खिडकीबाहेर बघत नाही, बातम्या लावत नाही. फक्त विचारते, "वन्सं, तुमच्याकडे वर किती पडतोय?" आणि उत्तर ऐकता ऐकता एका हाताने मिक्सर उचलून माळ्यावर ठेवते.